या आठवड्याला 'न्यायी' धरलंय, बाई

बाई,

मंगळवारी तुम्हाला दफनभूमीत कुंपणाकडच्या नव्या रांगेत ठेवलं. सरांच्या, तुमच्या यजमानांच्या, शेजारी नाही. आलेल्यांपैकी निम्म्या लोकांना कारण माहीत होतं, उरलेले एकमेकांच्या कानाला लागून विचारत होते. सरांच्या शेजारी माझे वडील आहेत, हे कारण. ती जागा तुमची होती आणि तुम्ही ती त्यांना दिलीत.

चर्चमध्ये तुमच्याविषयी बोलायला मला उभं केलं, तेव्हा मी शाळेबद्दल बोललो, तुमच्या हाताखालून गेलेल्या मुलांबद्दल बोललो, सरांच्या माघारी तुम्ही चर्चची मंडळी कशी सांभाळलीत ते बोललो. सगळं खरंच होतं. पण बोलताना सारखं वाटत होतं, तुम्ही मागच्या बाकावर बसल्या आहात आणि म्हणताय, "किसन, हे ऐकलेलं हाय. पाह्यलेलं सांग." म्हणून आता हे लिहायला बसलोय. इथं तुमच्या नोकरीची वर्षं नाहीत आणि मिळालेले शाल-नारळ नाहीत. आपले रविवार आहेत, आणि आपलं एक भांडण आहे, जे मिटायच्या आधीच तुम्ही गेलात.

मी नववीत होतो. भोकरदनच्या वसतिगृहात राहायचो, इंग्रजी कच्चं होतं, आणि तुम्ही म्हणाला होतात, रविवारी दुपारी घरी ये. मी आलो तर दाराबाहेर चपला, आत ओसरीत सतरंजीवर पाच-सात माणसं मांडी घालून बसलेली, आणि कुणी बोलत नाही. कुणी डोळे मिटलेले, कुणी खाली पाहतंय. तुम्ही मला हातानंच बस म्हणालात. मला वाटलं, कुणाला तरी शिक्षा चालू आहे. बऱ्याच वेळानं तुम्ही मान वर केलीत आणि विचारलंत, "हं, कोण सांगतंय?" मग एकेक जण आठवड्यात काय दिसलं ते सांगू लागला. शिंप्याच्या दुकानातलं, दवाखान्यातलं, विहिरीवरचं. मला काही संबंध लागेना. शेवटी तुम्ही माझ्याकडे वळलात.

"आम्ही या आठवड्याला मंदक्रोध धरलंय. म्हणजे देवाला राग लवकर येत न्हाई, तो रागाला सावकाश हाय. तुला काय वाटतं?"

मी वर्गात पहिला येणारा मुलगा. उभा राहिलो आणि निबंधातलं वाक्य म्हणावं तसं म्हणालो, "देव समुद्रासारखा शांत आहे."

"समुद्र कवा पाह्यला तू?"

"न्हाई पाह्यला."

"मंग न पाह्यलेल्याची उपमा देवाला देऊ नको. त्याला बी पटणार न्हाई."

सगळे हसले. मी खाली बसलो, कान तापले होते. इंग्रजीचा धडा तुम्ही नंतर घेतलात, पण माझं लक्ष नव्हतं. ज्या बाईनं माझ्या निबंधाला वर्गात टाळ्या मिळवून दिल्या होत्या, तिलाच माझं वाक्य नको होतं. तिला मी काय पाहिलं ते हवं होतं. असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी सालगड्याचा पोरगा. मी पाहिलेलं सांगण्यासारखं असतं, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

त्या आठवड्यात मी भोकरदनच्या बाजारात डोळे उघडे ठेवून फिरलो. एका आडतीवर हमालाच्या हातून पोतं सुटलं आणि फुटलं. ज्वारी रस्त्यावर. मालक ताडकन उठला, पण त्याचं तोंड पानानं गच्च भरलेलं. ओरडता येईना. तो रागानं बाहेर गेला, कोपऱ्यावर जाऊन थुंकला, चूळ भरली आणि परत आला. परत येईपर्यंत राग कुठंतरी सांडला होता. म्हणाला, "बघत काय बसला? भर." एवढंच. पुढच्या रविवारी मी हे भीत भीत सांगितलं. तुम्ही इतक्या हसलात की डोळ्यांना पदर लावावा लागला. मग म्हणालात, "देव पान खातो का न्हाई मला माहीत न्हाई. पण थुंकून येण्याइतका वेळ तो नक्की घेतो. हे धर, किसन. हे तुझं हाय."

बाई, त्यानंतर मी बी.ए. झालो. आमच्या घरातला पहिला. पण शिकणं म्हणजे काय, ते मला त्या पोत्यापाशी कळलं.

तुमची रीत साधी होती. शास्त्रातून देवाचा एक गुण घ्यायचा. दयाळू, विश्वासू, भला, पवित्र, अशा एकाच शब्दाचा. त्यावर रविवारी गप्प बसायचं. मागायचं काही नाही. मागणं आलंच तर त्याला म्हणायचं, थांब, आज तुझी पाळी नाही. "रोज आपण देवाला आपलंच सांगून राह्यलो," तुम्ही म्हणायच्या, "एक दिवस तो कसा हाय हे बघू की." मग आठवडाभर तो शब्द सोबत घेऊन फिरायचं, बसस्टँडवर, कचेरीत, चुलीपाशी, आणि पुढच्या रविवारी दिसलेलं एक सांगायचं. याला तुम्ही ध्यान म्हणायच्या नाहीत. 'धरणं' म्हणायच्या. या आठवड्याला काय धरलंय?

पाळकसाहेबांना हे फारसं रुचायचं नाही. आपल्या मंडळीला पेटी-तबला लागतो, टाळ लागतात, मोठ्यानं गायलं की उपासना झाल्यासारखी वाटते. गप्प बसणारी माणसं बघून शेजाऱ्यांनाही चैन पडायचं नाही. तुमच्या शेजारच्या खालाबी नव्यानं राहायला आल्या होत्या तेव्हाचं आठवतं का? त्यांनी भिंतीवरून पाहिलं. बाहेर चपलांची रांग, आत खाली माना, ना आवाज ना रडणं, आणि ऐन दुपारी तुमच्या चुलीतून धूर नाही. त्या समजायचं ते समजल्या. आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी आणतात. त्यांनी घाईनं तव्यावर भाकरी टाकल्या, पिठलं घोटलं, डोक्यावर पदर घेऊन आल्या आणि तुमच्या शेजारी बसून डोळे पुसायला लागल्या.

"किसका इंतकाल हुआ, बाई?"

"कुणाचाच न्हाई, खाला."

"फिर ऐसे क्यूं बैठे?"

"देव भला हाय, याचा इचार करून राह्यलो."

खालाबींचं रडणं जागच्या जागी थांबलं. "भला है तो हँसो ना! मेरा दिल बैठ गया, मालूम? अब खाओ चुपचाप. वापस नै लेके जाती मैं."

त्या रविवारी कुणी काही सांगितलं नाही. तुम्ही म्हणालात, "'भला' धरलं होतं ना? आता सांगायचं काय राह्यलं? हात धुवा." आम्ही ते पिठलं पुसून खाल्लं. मी कितीतरी चांगली प्रवचनं ऐकली आहेत, पण देवाच्या भलेपणाची चव विचारली तर माझ्या जिभेवर अजून ते पिठलंच येतं. जरा तिखट होतं.

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना मी बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. तुम्ही म्हणालात, आधी वडिलांना विचारून ये, चोरून करायची गोष्ट नाही ही. मी गावी गेलो. वडील बैलांना पाणी दाखवत होते. मी सांगितलं तसं त्यांनी बैलाच्या पाठीवरचा हात काढला नाही.

"तिथं पोट भरतं का तुझं?" त्यांनी विचारलं.

"पोट न्हाई, दादा. मन भरतं."

"मंग जा. पोट भरत असतं तर न्हाई म्हटलं असतं."

हे मी तुम्हाला येऊन सांगितलं. तुम्ही म्हणालात, "या माणसाला मला भेटायचंय."

भेट व्हायला काही वर्षं गेली. मला पंचायत समितीत नोकरी लागली, आई वारली, आणि वडील गाव सोडून माझ्याकडे भोकरदनला आले. रविवारी घरात एकटं बसवेना म्हणून माझ्याबरोबर तुमच्या ओसरीवर यायचे. खांबाला टेकून बसायचे. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. त्यांचा खंडोबा त्यांच्याजवळच होता आणि तुम्ही त्याला कधी हात लावला नाहीत. "तुमच्या बाईचं गप बसणं मला आवडतं," ते मला म्हणायचे. "जन्मात कुणी मला नुसतं बसू दिलं न्हाई."

आणि बसले की पाच मिनिटांत घोरायचे. सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं. दाऊदराव वैतागायचे. दाऊदराव म्हणजे आपल्या पंचांमधले वडीलधारे, एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. उपासना जरा उशिरा सुरू झाली तरी मनगटावरच्या घड्याळाकडे बघणारे. ते म्हणाले, "बाई, हे ध्यान हाय का धर्मशाळा?"

तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "झोपू द्या, दाऊदराव. बाप जवळ असला की लेकरू बिनघोर झोपतं. आपल्याला अजून ते जमलं न्हाई."

मला त्या वेळी हे फक्त वडिलांची बाजू सावरणं वाटलं होतं. पुढं कळलं, तुम्हाला ते तसं खरंच दिसलं होतं. तुम्ही कुणाची भीड म्हणून काही बोलायच्या नाहीत. यासाठी तर मी तुमच्यापुढं कायम नमलो. तुमच्या ओसरीवर येणारा माणूस तुमच्या देवाचा काहीतरी पुरावा घेऊनच आलेला असायचा. त्याला ते माहीत नसलं तरी.

वडील गेले ते थंडीत. आजारी असे नव्हतेच, सकाळी उठले नाहीत. मी पहिल्या बसनं गावाकडं निरोप धाडला. दुपारपर्यंत चुलतभाऊ आला, एकटाच. दारातच उभा राहून म्हणाला, "भावकी म्हणते, पोरगं तिकडं गेलं. अग्नी कोण देणार, दहावं कोण करणार? तुमचं तुम्ही बघा." तो तरी काय करणार. निरोप्या होता बिचारा. इथल्या स्मशानात नेता आलं असतं, पण वडील एकदा हसत हसत म्हणाले होते, "मला जाळू नको रे किसन. उन्हातान्हात लई भाजलोय. मातीत ठेव." त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. मातीत ठेवायचं तर एकच जागा होती, आपल्या मंडळीची दफनभूमी, आणि तिथं बाप्तिस्मा नसलेल्या माणसाला जागा देता येत नाही, हा नियम.

मयत घरात, आणि पंच चर्चच्या व्हरांड्यात बसलेले. तुम्हीही पंच होतात. मी पायरीवर उभा. दाऊदरावांचं म्हणणं सरळ होतं. त्या जमिनीच्या तुकड्यासाठी त्यांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. एकदा दार सैल सोडलं तर उद्या आपल्याच माणसांना जागा उरणार नाही, ही त्यांची भीती खोटी नव्हती. ते माझ्याकडे न बघता बोलत होते. बोलणं कठीण जात होतं म्हणून.

तुम्ही म्हणालात, "या आठवड्याला आपण पवित्र धरलंय. बोलायच्या आधी थोडं बसू."

बसले सगळे. मी त्यांचे चेहरे बघत होतो. खरं सांगतो, बाई, मला वाटत होतं की आता काहीतरी होईल. इतक्या वर्षांचं आपलं गप्प बसणं आज कामाला येईल, यांची मनं वितळतील, डोळे उघडतील तेव्हा माझ्या वडिलांना जागा मिळालेली असेल. दाऊदरावांनी डोळे उघडले. म्हणाले, "बसलो, बाई. देव पवित्र हाय हे बराबर ध्यानात आलं. म्हणूनच म्हणतो, नियम मोडू नका. नवी जागा देता येणार न्हाई."

पण तुम्ही वाद घातला नाहीत.

"नवी न्हाई द्यायची ना? बरं. जुनी देता येते का?"

"कोणती जुनी?"

"माझी."

कुणाला काही कळेना. तुम्हीच सांगितलंत, "सरांच्या शेजारी माझ्यासाठी राखून ठेवलीय ती."

"अहो बाई, तिथं परका माणूस? सरांच्या बाजूला? लोक काय म्हणतील?"

"सरांना बोलायला कुणी लागायचं, तुम्हाला माहीत हाय. दोन वर्षं झाली, एकलेच पडलेत. आणि किसनचे वडील ऐकून घेणारे हायेत."

पाळकसाहेब तोंडावर हात ठेवून हसले. मयताच्या दिवशी, त्या व्हरांड्यात. मलाही रडता रडता हसू आलं.

"प्रकाशला इचारलं का?" दाऊदरावांनी शेवटचा प्रयत्न केला. प्रकाश तुमचा मुलगा, पुण्याला असतो.

"प्रकाशला काय इचारायचं? नवरा माझा, जागा माझी. मी बाप्तिस्मा घेतलेली हाय, मला पुढं नवी जागा मिळंल. मला कुठं बी टाका. आता तुम्ही सांगा, हे नियमात बसतं का न्हाई?"

दाऊदराव कितीतरी वेळ घड्याळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बसतं."

पुढच्या रविवारी आपण पुन्हा सतरंजीवर होतो. खांबाजवळची जागा रिकामी होती. तुम्हाला कुणीतरी विचारलं, बाई, 'पवित्र' धरून तुम्हाला काय दिसलं? मी वाट बघत होतो की तुम्ही माझ्या वडिलांचं काही सांगाल. तुम्ही दाऊदरावांकडे बोट केलंत. "हे माणूस 'बसतं' म्हणालं. मनात नव्हतं, तरी खरं ते बोललं. खोटं बोलायला जागा होती, बोललं न्हाई. मला तेवढं दिसलं." दाऊदराव खाली बघायला लागले. मी तुम्हाला त्या दिवशी पाया पडून काही सांगणार होतो, ते राहिलंच. तुम्ही तसंही होऊ दिलं नसतंत. आभार मानायला लागलो की तुम्ही म्हणायच्या, "आभार गॅदरिंगला मानायचे असतात, हारतुऱ्यांनंतर."

इथून आपलं भांडण सुरू झालं.

दर थोड्या महिन्यांनी शब्द ठरवायची वेळ आली की मी म्हणायचो, 'न्यायी' धरू. तुम्ही टाळायच्या. दुसऱ्या कुणी सुचवलं तर धरायच्या. मी सुचवलं की म्हणायच्या, "तू न्यायी धरलं की माझ्या जागेवर येऊन बसतो." खरंच होतं ते. मला ते सोसायचंच नाही. तुम्ही नाताळात सरांना फुलं घेऊन जायच्या, आधी त्यांच्यासमोर, मग शेजारी माझ्या वडिलांसमोर दोन झेंडू ठेवायच्या, आणि मी मागं उभा राहून मनात म्हणायचो, देव न्यायी असेल तर ही जागा या बाईंचीच असायला हवी. ज्याचं त्याला मिळणं म्हणजे न्याय.

"ज्याचं त्याला?" तुम्ही म्हणालात एकदा. "मंग सांग, तुझं काय हाय? माझं काय हाय?"

"पण बाई, तुमचं नुकसान झालं."

"कुणी सांगितलं?"

एकदा मी फार पुढं गेलो. म्हणालो, वडिलांना तिथून हलवू का, आता इतकी वर्षं झाली. तेव्हा तुम्ही मला आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं रागावलात. थुंकून येण्याइतकाही वेळ घेतला नाहीत. "झोपलेल्या माणसाला उठवून मला जागा नको! रेल्वेचा डबा हाय का तो? पुन्हा हे बोलशील तर ओसरीवर येऊ नको." मी आठवडाभर आलो नाही. मग तुम्हीच कुणाकरवी निरोप धाडलात, की इंग्रजीच्या मुलांना शिकवायला माणूस हवाय, ये. मी आलो, मुलांना शिकवलं, तुम्ही चहा दिलात. वाद तिथंच राहिला.

जालन्याच्या दवाखान्यात मी तुम्हाला भेटायला आलो तो गुरुवार होता. तुम्ही खूप वाळल्या होत्या. हाताला सुई, आणि त्याच हातानं मला स्टूल ओढून घ्यायला सांगत होत्या. मी काही बोलायच्या आत तुम्हीच विचारलंत,

"या आठवड्याला काय धरलंय?"

"न्यायी."

"अजून?"

"अजून."

"बरं. काय पाह्यलं मंग?"

मी बराच विचार केला. कचेरीत रोज न्याय-अन्यायाचे कागद बघतो मी, पण सांगावं असं एकही नव्हतं. "काहीच दिसलं न्हाई, बाई," मी म्हणालो.

मला वाटलं, तुम्ही आता तरी सांगाल. तुमच्या चेहऱ्यावर सांगण्यासारखं काहीतरी होतं. पण तुम्ही नुसतं म्हणालात, "मंग बघ. जल्दी न्हाई. रविवारी इचारते." रविवारी तुम्ही शुद्धीवर नव्हता.

मंगळवारी दफनभूमीत प्रकाशनं माझा दंड धरला. त्याला मी काय दोष देऊ? आई बापाशेजारी असावी असं कुणाला वाटणार नाही? तो म्हणाला, "किसनदादा, बाबांची कबर उघडू. तिथंच आईला ठेवू. नाहीतर तुमच्या वडिलांना थोडं सरकवता येईल का? मी सगळं नीट करून घेतो." मी म्हणणार होतो, हो. इतकी वर्षं मला तेच तर हवं होतं. तेवढ्यात दाऊदराव काठी टेकत मध्ये आले. आता त्यांनाही धड उभं राहवत नाही.

"कुणाला उठवायचं न्हाई. तुझ्या आईनं मला सांगून ठेवलंय."

"तुम्हाला?" प्रकाश म्हणाला. "तुमचाच तर विरोध होता तेव्हा."

"व्हता ना. म्हणून तर मला सांगितलं. बाकीचे ऐकले असते तुझं. तुझं रडणं पाहून विरघळले असते. मी न्हाई विरघळत, तिला माहीत व्हतं." आणि मग त्यांचा आवाज फाटला. "नव्या रांगेत खड्डा तयार हाय. चला."

मी मूठभर माती टाकली. प्रकाशनं टाकली. खालाबी कुंपणाबाहेर उभ्या होत्या, त्यांनी तिथूनच हात उचलून दुवा केली. मग सगळे पांगल्यावर प्रकाश सरांच्या आणि माझ्या वडिलांच्या मध्ये जाऊन बसला. बऱ्याच वेळानं त्यानं मला विचारलं, "तुमचे वडील काय बोलायचे हो?"

"काही न्हाई. घोरायचे."

तो हसला. "बाबांच्या गोष्टी ऐकून सगळेच झोपायचे."

गुरुवारी सकाळी प्रकाश, दाऊदराव आणि मी पुन्हा गेलो. माती बसली होती, तिला पाणी द्यायचं होतं. मी एक गोष्ट मनाशी ठरवून आलो होतो. तुमच्या शेजारची जागा माझ्यासाठी राखून ठेवा, असं दाऊदरावांना सांगायचं. वडील तुमच्या जागेत, तर निदान मी तुमच्या बाजूला. माझ्या हिशेबानं तो न्याय होता. वाक्यं जुळवून ठेवली होती, जशी निबंधाची जुळवायचो. मी तोंड उघडणार, तेवढ्यात प्रकाश म्हणाला, "काका, आईच्या शेजारची जागा माझ्यासाठी ठेवा."

"तू पुण्याला. मेल्यावर एस.टी.नं येणार का?"

"येईन."

"मंग रिझर्वेशन करून ये. ऐन वेळी उभं राहावं लागंल." दाऊदरावांनी कठोर तोंड करून सांगितलं, आणि मग प्रकाशच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडं वळून म्हणाले, "किसन, तू काहीतरी बोलणार व्हता?"

"न्हाई," मी म्हणालो. "प्रकाशला द्या."

बाई, मला वाटलं होतं, परतीच्या वाटेवर मला जड जाईल. मी त्या जागेवर मनानं आधीच आडवा झालो होतो. पण फाटकापर्यंत येईपर्यंत कसलं तरी ओझं उतरल्यासारखं झालं. भरलेल्या एस.टी.त कुणा दमलेल्याला जागा दिल्यावर वरची दांडी धरून उभं राहताना वाटतं ना, तसं. पाय दुखतात, पण आतून मोकळं असतं. आपल्याकडून काही गेलं असं वाटतच नाही. मी या दोघांनाही काही बोललो नाही. कुणाला सांगण्यासारखं ते नव्हतं, रविवारी विचारणार होतात त्या तुम्हालाच सांगण्यासारखं होतं.

आणि मग मला वडिलांना ठेवलं तो दिवस आठवला. सगळं उरकल्यावर तुम्ही आमच्यासाठी थांबल्या नव्हता. पदर खोचून, त्या वयात, ढेकळांतून एकट्याच, हलक्या पावलांनी भराभरा पुढं निघाल्या होतात. मी मागून तुमची पाठ बघत होतो. मला वाटलं, सरांच्या शेजारची जागा गेली म्हणून तुम्ही रडू लपवताय. तेच धरून मी इतकी वर्षं तुमच्याशी भांडलो.

तुम्ही रडत नव्हता, बाई.